डावं बटण

आधी सेलचं झाकण उघड, येर्को.
गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐक, मान डोलव,
आणि तरी आधी झाकणच उघड.
निम्मी दुखणी तिथेच सापडतात.
स्प्रिंगवर ही हिरवट पांढरी बुरशी दिसते ना,
ती बुरशी नव्हे.
दोन वर्षं विसरून गेलेले सेल
आतल्या आत पाझरलेत.
कापसाच्या काडीला व्हिनेगर लाव.
फसफसेल. फसफसू दे.
मग कोरडी काडी, मग थांब.
थांबणं हेही अवजारच,
फक्त भिंतीवर टांगता येत नाही.

पडद्यावरून उभ्या रेघा गायब झाल्या असतील
तर खालची रबराची पट्टी सोलून
तापल्या टोकाने हळूच एकदा डावीकडून उजवीकडे.
दाबू नकोस. झोपलेल्याच्या कपाळावरून
केस बाजूला करतोस तसं.
एक रेघ परत येते, मग दुसरी.
शेवटची कधी कधी येत नाही.
तेवढं गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव.

आवाज बंद म्हणून ओयार्सोबाई आल्या होत्या,
नातवाचं यंत्र दोन हातांत धरून, पाखरू धरावं तसं.
आवाजाचं चाक शून्यावर होतं.
मी ते त्यांच्यासमोर फिरवलं नाही.
आत गेले, हिटरपाशी पाच मिनिटं हात शेकले,
बाहेर येऊन म्हणाले, जरासा कचरा होता.
पैसे नाही घेतले.
हे तुला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही,
म्हणून सांगतेय.

आणि कॅसेटमध्ये फुंकायचं नाही!
सगळे फुंकतात. मीही फुंकायचे.
तोंडाची वाफ पितळी दातांवर बसते
आणि महिन्याभराने त्यांना खाते.
स्पिरिट घे, काडी घे.
या पुंता अरेनासमध्ये वारा काय कमी आहे,
की त्यात तुझ्या फुंकरीची भर?

आता हे बघ. हे एलादिओचं.
खेकड्यांच्या बोटीवर असतो, एकोणीस वर्षांचा,
खाडीखाडीतून चार चार आठवडे.
मागच्या मंगळवारी आला, अंगाला डिझेलचा वास,
म्हणाला, डावं बटण चालत नाही.
कधीपासून?
सात महिने.
मग खेळतोस कसा?
उजवीकडे, म्हणाला.
मागे राहिलेलं नाणं मागेच राहतं.
उडी चुकली की मरायचं,
मरून पुन्हा पहिल्यापासून उजवीकडे.
तसाच सहाव्या जगापर्यंत पोचला होता पोरगा.
मी तीस वर्षं या टेबलापाशी आहे,
असं काही ऐकलं नव्हतं.

उघडलं. रबराच्या काळ्या टिकलीखाली
मिठाचा एक खडा,
तांदळाच्या कणीएवढा.
काढला. टिकली पुसली. स्क्रू लावले.
एक स्क्रू नेहमीसारखा जमिनीवर गेला
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधला.

नवा डाव लावला त्याने, अगदी सुरुवातीचा.
अंगठा डावीकडे दाबला.
ते छोटं माणूस वळलं,
चार पावलं चाललं,
आणि पडद्याच्या कडेला थडकलं.
जागच्या जागी पाय हलवत राहिलं.
पलीकडे काहीच नव्हतं.

एलादिओने बराच वेळ बटण सोडलं नाही.
मला वाटलं, आता म्हणेल,
बाई, परत मीठ घाला.
पण तो हसायला लागला,
इतका, की समोरची लोकरवाली डोकावली.
म्हणाला, सात महिने मला वाटत होतं
तिकडे काहीतरी आहे.

पैसे उद्या देतो म्हणाला.
बोट त्याच रात्री सुटली.

यंत्र टेबलावरच राहिलंय, बघ,
गडबडीत विसरला.
चार आठवड्यांनी येईल.
तोवर सेल काढून ठेव,
पाझरतील नाहीतर.