बिनचेहऱ्याचा बडग्या

वज्रदीप रविवारी बाराला लागायचा
हेडाऊंकडे, गल्लीतला रंगीत टीव्ही तेवढाच.
पाय धुऊन आत यायचं,
काकूंनी हाक मारली की उठून
कुलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकायचं.
हे तिकीट.

त्रेचाळीस भाग झाले तरी
शून्यासुराचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं.
खुर्चीची पाठ दिसायची,
एक हात, करंगळीत लोखंडी अंगठी,
आणि हसायचा असा
की भिंतीवरची पाल जागच्या जागी थांबायची.

मग आठवडाभर आमचा एकच धंदा.
चेतनच्या आज्याचा हातमाग बंद पडलेला,
त्याच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं
आणि शून्यासुर कोण ते ठरवायचं.

"प्रोफेसरच आहे बे तो," चेतन म्हणे,
"चष्मा पुसताना पाठ करते पाय."
सुगत गजभियेचं गणित वेगळं :
नाव शून्य, म्हणजे अड्डा झिरो माईलच्या खांबाखाली.
"नाही तं ते दगडाचे घोडे रात्री कायले खिंकाळतात?"
खिंकाळताना त्याच्या मामानं ऐकलं होतं.
मामा प्यायचा, पण ते आम्ही हिशेबात धरलं नाही.

माझी दोनशे पानी वही होती.
भाग बारा : संपादकाच्या बोटात अंगठी नाही.
पण करंगळीला पांढरा पट्टा आहे.
याखाली दोन रेघा.

पिंकी निनावे काहीच बोलायची नाही.
आडनावावरून तिलाच आम्ही शून्यासुर म्हणायचो,
ती चिंचोके चावत बसायची.
एकदा म्हणाली,
"घरातलाच असन तो.
भाइरच्याले कसं माहीत रायते
वज्रदीप कवच कधी उतरवते ते?"

कोणी काही बोललं नाही.
मग चेतन म्हणाला, "ह्यॅ."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत.
त्या वर्षी आमचा बडग्या शून्यासुर :
बांबू सुगतच्या मामाचे, झगा जुन्या रेक्झिनचा,
हाताच्या जागी मागातला फुटका धोटा,
अंगठी म्हणून सायकलचा वॉशर.
तोंडावर मात्र भांडण झालं.
प्रोफेसर काढला तर सुगत रुसतो,
संपादक काढला तर चेतन बांबू परत मागतो.
शेवटी कोरा कागद चिकटवला
आणि निघालो.

इतवारीच्या गर्दीत लोक वाकून वाकून पाहत.
"हा सुताचा व्यापारी," एक म्हातारा म्हणाला, शंका न ठेवता.
एका बाईला तो रॉकेलवाला वाटला.
शिपाई हसला, "आमचे सायेब," आणि आजूबाजूला बघून घेतलं.
एक माणूस बराच वेळ समोर उभा राहिला,
आपल्या भावाचं नाव घेतलं,
मग कागदालाच हात जोडून गेला.
आमच्या वहीत यातलं कोणीच नव्हतं.

जाळायच्या आधी पिंकी पुढे झाली.
विझलेला कोळसा उचलून
कोऱ्या कागदावर डावी भुवई काढली,
भुवईवर एक आडवी खूण.
बाकी काही नाही. डोळेही नाहीत.
कोळसा टाकला, हात फ्रॉकला पुसले.
रेक्झिन पेटलं तसा धूर काळा झाला
आणि सगळे ओरडले, घेऊन जा, घेऊन जा.
ती ओरडत नव्हती, मोजत असावी काहीतरी.

रात्री मी वही तपासली.
भुवईवर तशी खूण मालिकेत कोणालाच नव्हती.

एक्कावन्नाव्या भागात खुर्ची वळली.
भलताच कोणी नट, पूर्वी एकदाही न आलेला.
चेतन रडला. सुगत म्हणाला, "पैसे संपले असन त्यांचे."
वज्रदीपनं त्याला चार मिनिटांत उडवला
आणि जाहिराती सुरू झाल्या.

मी मात्र दूधवाल्यापासून शोधत गेलो.
ट्यूशनचे सर, रेशनवाला, तिच्या घरी येणारे जाणारे.
कोणी डोक्यावरून हात फिरवला
की मी आधी वर पाहायचो, भुवईकडे.

पिंकी आता भंडाऱ्याला असते.
मागे एका लग्नात ताट घेऊन शेजारी बसली,
मी विचारणार, तेवढ्यात तिनंच विचारलं,
"काऊन रे, तुमचा तो प्रोफेसर नव्हताच ना शेवटी?"
"नव्हता," मी म्हटलं.
"हाव," म्हणाली, आणि वड्याचा रस्सा मागितला.

वाढणारा वाकला.
मी त्याच्याही भुवया पाहिल्या.