ब्रशांची वही

लाँगबुक, दोनशे पानी, रेघांची.
वाशीत, सेक्टर दहाच्या मार्केटातून घेतली.
दुकानदार म्हणाला, हिशेबाला का?
म्हटलं, हो, हिशेबालाच.

पहिलं पान फार नेटकं आहे.
तारीख, चित्र, ब्रश, आकार, दाब.
समासाला लाल रेघ, पट्टीने.
३ जून. बगळ्याचा पाय. कोरडी शाई. सहा. घट्ट.
३ जून. बगळ्याखालचं पाणी. ओली कड. चाळीस. हलक्या हाताने.
हलक्या म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.
वाटलं असेल, हात माझाच आहे, जातोय कुठे.

जुलैत अक्षर सैल पडतं.
ऑगस्टात नुसतं ‘तोच’.
झाड, तोच. म्हातारीचं लुगडं, तोच.
होडी, कालचाच पण जरा कमी.
मग नऊ पानं कोरी
आणि एका पानावर दूधवाल्याचे खाडे.

मंगळवारी हेमांगी सबनीसचा फोन आला.
खाडीवरच्या पोराचा दुसरा भाग काढतोय,
पोरगं तेच, होडी तीच, आणि चिखल,
तो चिखल अगदी तस्साच हवा हं,
मुलं पत्रं लिहितात गं चिखलाबद्दल.

मी फाइल उघडली.
थर १. थर १ प्रत. थर १ प्रत २.
शेवटचा. शेवटचा खरा.
रंग उचलता येतो, टेकवलं की कळतं
हा राखाडी कुठला.
पण कशाने ओढला, ते फाइलने
कधी मनावर घेतलेलं नसतं.

एकूण ब्रश अकराशे बारा.
त्यातले सहाशे फुकट मिळाले म्हणून घेतलेले,
आहेरातल्या स्टीलच्या डब्यांसारखे
अजून झाकण न उघडलेले.
रात्री दोनपर्यंत एकेकाने एक रेघ ओढत बसले.
कोळसा आला, गवत आलं, मेंदी आली,
चहाचा चोथा आला, डांबर आलं.
चिखल नाही.
सकाळी रिक्षा करून खाडीवरही जाऊन आले.
तिथला चिखल आमच्या पुस्तकासारखा नाही.

मग वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आडवं, पेन्सिलीने:
ओल. बेडरूम. उत्तर.

हां.
त्या वर्षी तांडेलांच्या मोरीचं पाणी
आमच्या भिंतीत उतरत होतं.
तांडेल म्हणायचे, आमचं नव्हे, ते गच्चीचं.
सेक्रेटरी म्हणायचे, पुरावा द्या.
मी फोटो काढला, पोपड्यांसकट,
चारी बाजूंनी सरकलेल्या तपकिरी कडांसकट.
तो कुणी पाहिला नाही.
मग मीच काळापांढरा केला, कडा खरवडल्या,
आणि त्याचा ब्रश केला.
नाव द्यायला गेले तेवढ्यात कुकर झाला.

नवीन ब्रश १४.
टेकवला, आणि खाडी आली.
ओहोटीनंतरची, घोटा धरून ठेवणारी,
मधेच चकाकणारी, मधेच फुगलेली.
राज्यभरातली दुसरीतली मुलं
तांडेलांच्या आंघोळीचं पाणी वाचतायत
आणि पत्रं लिहितायत.

आता भिंत कोरडी आहे. फिकट पिवळी.
तांडेल पनवेलला गेले,
नव्या मालकाने मोरी फोडून पाइप बदलले,
चार दिवस ठोकाठोक, मग पेढे.

मी नव्या पानावर लिहायला घेतलं:
चिखल. ब्रश, तांडेल. आकार दोनशे दहा. दाब
इथे पेन थांबलं.
मग आठवलं आणि लिहिलं,
वरून भांडून आल्यावर लागतो तेवढा.

दोन दिवस झाले.
नवा मालक जिन्यात भेटला की हसतो,
मीही हसते, पिशवी या हातातून त्या हातात घेते,
वर येऊन चिखल ओढते.
फिकट येतोय.
हेमांगीला अजून कळवलेलं नाही.