रिकाम्या पाठीची चाल

चालणं शिकायला फी भरलीस?
काकू विचारते, दरवेळी तशीच हसून.
मी म्हणते, हो, सहामाही.

पहिल्या सत्रात हाडं झाली, दोनशे सहा, तोंडपाठ.
मग सांधे.
गुडघ्याला आमच्या पुस्तकात बिजागरी म्हणतात
पण बिजागरी अशी तुटत नाही
जशी माझी तुटली धाराशिवच्या मैदानावर,
खांबाला वळसा घालताना,
वाळली शेंग तडकावी तसा आवाज
आणि द्यायचा खो तोंडातच राहिला.

तेव्हापासून मी माणसांचे पाय बघते.
नांदेडच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना
कोण आधी कुठला पाय टाकतं,
कोण दांडी सोडत नाही.
बाबा म्हणतात, डी.एड. केलं असतंस.
जिममध्ये जागा निघतात, मी सांगते,
हाडांच्या दवाखान्यात, खेळाडूंच्या शिबिरात.
ते पेपर वाचत राहतात.

विद्यापीठात आमची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली.
सांध्यांवर लावायच्या चमकत्या खुणा
आल्या तेव्हा बारा होत्या, उरल्या पाच.
अफरोजनं वजिराबादेतून टिकल्यांचं पाकीट आणलं,
लाल, मोठ्या, दहा रुपयांना.
बाहेर व्हरांड्यात फक्कीनं आखले दहा मीटर,
स्टुलावर मोबाइल उभा केला
आणि मोंढ्यातून सटवाजीमामांना बोलावलं,
शंभर रुपये अन् चहा.

तीस वर्षं तुरीची पोती वाहिलेला माणूस
विजार गुडघ्यावर घेऊन उभा, लाजलेला.
'टिकल्या लावूलालीस व्हय मला?
घरी कळलं तर हसतेल की.'
खुब्याला एक, गुडघ्याला एक, घोट्याला, टाचेला.
कातडी अशी की टिकली धरेना.
मी दाबून धरली अंगठ्यानं.

मग ते चालले.
डावं पाऊल अठ्ठेचाळीस सेंटिमीटर,
उजवं एकसष्ट.
कंबर एका बाजूला कलंडलेली,
हात हवेत कशाला तरी चाचपत.
डोईफोडे सर म्हणाले, सदोष चाल, लिहा.
अफरोजनं लिहिलं.

'सर, ओझं देता का कायतरी?
रिकामं चालायची सवय न्हाई.'

आधी आम्ही हसलो.
मग लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू
बारदानात भरली, चाळीस किलो, काट्यावर मोजून.
मामांनी ते पाठीवर घेतलं
जसं कुणी थंडीत घोंगडं ओढून घेतं
आणि निघाले.

पंचावन्न.
पंचावन्न.
पंचावन्न.
कंबर पाण्यासारखी सपाट.
लाल टिकल्या एका रेषेत पुढे सरकत गेल्या
आणि दहा मीटरांत फक्कीचा कणही उडाला नाही.

पंखा तेवढा वाजत होता.
सरांनी तो शब्द खोडला,
दुसरा लिहिला नाही.
तक्त्यात 'भार' नावाचा रकाना होता,
त्यात आम्ही सकाळीच शून्य टाकून ठेवलं होतं.

चहा बशीत ओतता ओतता मामा म्हणाले,
'अमावास्येला मोंढा बंद ऱ्हातो ना पोरी,
त्या दिशी पडतो मी.
दोनदा पडलो. एकदा तर घरच्याच उंबऱ्यात.'
आणि फुंकर घालून चहा प्याले.
मग विचारलं, 'बरं हाय का पण माझं चालणं?'

मी चौथ्या सत्राची.
स्नायूंची नावं येतात, त्यांचे उगम येतात,
कुठला कधी आकसतो तेही.
मी म्हटलं, मामा, रिपोर्ट आल्यावर सांगते.

ते गेटातून गेले.
टाचेची टिकली काढायची राहून गेली होती,
डावं आखूड, उजवं लांब,
लाल ठिपका रिक्षांमधून दिसत राहिला
मी तेवीसपर्यंत मोजलं तोवर.

रात्री वसतिगृहात रिपोर्ट लिहायला बसले.
शेवटचा रकाना, शिफारस.
पुस्तक सांगतं, ओझं टाळा.
मी पेन दातात धरून
भिंतीवरचं कॅलेंडर काढलं
आणि पुढची अमावास्या कधी ते बघितलं.