जिनिंगच्या हंगामात रंगकाम

जिनिंग सुरू असताना
सेलूत कुणी ओला रंग उघड्यावर ठेवत नाही,
हे मी सांगितलं होतं.
तरी ह्यांनी अंगणात चार बल्ल्या रोवल्या,
मच्छरदाणीला मच्छरदाणी टाचली,
वाऱ्याच्या अंगाला माझ्या दोन जुन्या साड्या,
आणि आत आणून उभी केली
पंचेचाळीस हजारांची मारुती.

कॉम्प्रेसर अफसरमियांचा, भाड्यानं,
हातगाडीवर आलेला.
सल्ला फुकट.

दोन पत्रे नमुन्याला रंगवून भिंतीशी टेकवले.
रंग एकच, पिकल्या जांभळाचा.
ग्लॉसमध्ये मी दिसत होते, डोक्याला टॉवेल,
मागं लिंब, लिंबामागं दोरीवरचे कपडे.
मॅटमध्ये कुणीच नव्हतं.
तोंडी परीक्षेत गप्प राहिलेल्या पोरासारखा
तो पत्रा नुसता रंगाचा होता.

"मॅटच मारू," हे म्हणाले,
"दाराचा पोचा दिसायचा नाही."
ड्रायव्हरच्या बाजूचं दार, हँडलच्या खाली,
वाटीएवढा.
तीनदा लांबी भरली, तीनदा वाळून खाली बसली.

अफसरमियांनी सुपारी गालात सरकवली.
"मॅट ऐब छुपाता, भाभी, हाथ नै छुपाता.
तेल का हाथ लगा तो रह गया.
घिसो तो चमकता. चमका तो मॅट कायका?
ग्लॉस में गलती हुई, घिसो, कंपाउंड मारो.
माफ."
ह्यांनी वहीत लिहिलं: कंपाउंड, दीडशे.

घासायचं माझ्याकडं.
आधी चारशेचा पेपर, मग आठशेचा, बादलीत बुडवून.
गाडीचं दूध निघत होतं, गटारीपर्यंत पांढरं.
पांढऱ्याखाली पोपटी निघाला,
पोपटीखाली पिवळा पट्टा,
आणि पट्ट्यावर, रविवारी अकराच्या सुमारास,
"लोचना मोटार ड्राय".

माझा हात थांबला.

दोन हजार अकरा. चौदा दिवसांचे अठराशे,
भिशीतले, आगाऊ.
घरी माहीत होतं, शिवणाचा क्लास.
सकाळी सहाला जिंतूर नाका ते स्टेशन,
शेजारी खंदारे सर, त्यांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक.
नवव्या दिवशी वळताना
विजेचा खांब आला.
खांबच आला, असं मी तेव्हाही म्हणाले होते.
भरल्या घरात ताट पडावं तसा आवाज.
सर एवढंच बोलले,
"बंद नका करू, बाई. चालू राहू द्या."
भरपाई त्यांनी मागितली नाही.
दहाव्या दिवशी मी गेले नाही.

सुलोचनाच्या गाड्या दोन होत्या.
ही ती नसेलही.
तरी मी ओली बोटं पोच्यात घातली.
चारही बसली.

जाळीपलीकडून ह्यांनी विचारलं, "मग, काय ठरलं?"
"ग्लॉस."
"पोचा दिसंल की."
"दिसू द्या."
लांबीचा डबा मी झाकण दाबून
पायरीखाली सरकवला.

चारला वारा पडला. गन सुरू झाली.
तिसऱ्या हातानंतर, कुठल्या फटीतून कोण जाणे,
कापसाचं एक बोंडूक आलं,
बॉनेटवर दोनदा टेकलं, उठलं,
आणि बसलं.
तिघंही श्वास धरून उभे.
हे चिमटा घेऊन वाकले, अफसरमियांनी हात धरला.
"सुकने दो. कल घिसेंगे."

पाच दिवस झाले. घासून, कंपाउंड मारून
बॉनेटमध्ये आता आख्खा लिंब मावतो.
दारात मी मावते,
पोच्यापाशी कपाळ मोठं, हनुवटी बारीक,
आणि माझ्या खांद्यामागं हे,
किल्ली कुठल्या खिशात आहे ते चाचपत.

"उद्या सहाला उठवा," मी म्हणाले.
"सहाला? कशाला?"
"पाच दिवसांची फी जमा आहे माझी."

ह्यांना काहीच कळलं नाही.
पण किल्ली सापडली.