सहा पॉइंट एक

रात्री बाराला सर्व्हर सगळ्यात जुनी फाइल पुसतो.
तीस दिवस, त्यापुढे सेकंदभरही नाही.
डिस्क भरते म्हणून.
क्लायपेडा बंदराच्या या कचेरीत
दिवसाला चाळीस हजार मेल येतात,
त्यातल्या एकतीस हजार खोट्या:
थकलेलं बिल, अडकलेलं पार्सल,
कुठल्या तरी वारलेल्या श्रीमंत काकाचा वकील.
त्यांना दारात अडवायचं, हे माझं काम.
कुणाला अडवलं ते लिहून ठेवायचं, हे सर्व्हरचं.

गेनोवायते पगार विभागातली. चार वाजता आली,
कोट न काढता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.
नवरा, केस्तास, परवा जहाजावरून उतरलाय
आणि उंबरा ओलांडल्यापासून एकच धरून बसलाय:
मी लिहिलं होतं.
फेब्रुवारीत तिनं विचारलं होतं, शहराबाहेरची बाग विकू का,
गिऱ्हाईक आलंय, नको असेल तर कळव.
काहीच आलं नाही.
गप्प म्हणजे हो, असं धरून चालतोच आपण.
विकली तिनं.
सफरचंदाची सहा झाडं, काकड्यांचं काचघर,
त्यानं स्वतः रंधा मारलेलं बाकडं.

मी नऊ फेब्रुवारी उघडली. त्याचं आडनाव टाकलं.
एकच ओळ आली.
तेवीस एक्केचाळीस, सॅटेलाइटवरून, तिच्या नावे,
आकार चार किलोबाइट,
संशयाचे गुण सहा पॉइंट एक. अडवली.

"आणि मेल?"
मेल चौदा दिवस कोठडीत असते. मग तीही जाते.
उरतं ते पाकीट. पाकीट तरी कुठलं,
पाकीट आलं होतं एवढी नोंद.

"चार किलोबाइट म्हणजे किती?"
मी हिशेब मांडला. आमच्या लिपीत
टिंबाचं अक्षर दोन बाइट खातं, शेपटीचंही दोन.
पण तो टिंबं-शेपट्या देतच नाही, ती म्हणाली, आळशी आहे.
मग पत्त्याबित्त्याचं वजा करून चारशे शब्द, मी म्हटलं,
थोडे इकडेतिकडे.
"चारशे." तिनं कोटाचं वरचं बटण लावलं.
"नको म्हणायला एक पुरला असता."

ती गेली तरी मी स्क्रीनवरून उठले नाही.
अडवायची मर्यादा सहा.
पण त्या दुपारपर्यंत ती साडेसहा होती.
त्याची वेगळी फाइल असते, कुणी कुठला स्क्रू पिळला त्याची.
ती सहसा कुणी उघडत नाही. मी उघडली.
सोळा बावन्न. वापरकर्ता: रामिंता.
सहा पॉइंट पाचवरून सहा पॉइंट शून्य.
कारण: रिकामं.

शुक्रवार होता. बहुतेक मी बोट पकडायच्या घाईत होते.

दोन्ही फायली आज रात्री जाणार.
काही न करणं, हेसुद्धा आज एक काम झालं असतं,
आणि ते सर्व्हरनं माझ्यासाठी केलं असतं,
चोख, बाराच्या ठोक्याला.

अकरा वाजता मी मेलची फाइल उतरवायला घेतली.
दोनशे बारा मेगाबाइट. पट्टी सत्त्याण्णववर अडली.
खाली क्रेनचे दिवे वाऱ्यानं हलत होते,
पहारेकरी ओनुटिस थर्मासचं झाकण शोधत
दोनदा दारावरून गेला.
पुन्हा पहिल्यापासून.
मग दुसरी. ती इवलीशी, डोळा मिटेस्तोवर उतरली.
दोन्ही उघडून पाहिल्या, आकडे जुळवले,
नावं दिली, तारखा घातल्या.
अकरा अठ्ठावन्न.

बाराला यादीतून नऊ फेब्रुवारी गेली.
वरची ओळ दहा फेब्रुवारी झाली, जणू महिना तिथूनच सुरू होतो.

उद्या गेनोवायतेला द्यायच्या. दोन्ही.
मेलनं नाही पाठवता येणार,
झिप फाइल जोडलेली मेल माझंच दार अडवतं.
तिसऱ्या मजल्यावर चालत जावं लागेल.