मागितली तर

वर्दिंग. चौथा मजला. खिडकीत समुद्र,
तो तेवढा कुणाच्या पट्ट्यात नाही.
बाकी सगळं आहे : भिंतींवरचा आतला गिलावा,
पायाखालच्या फळ्या, नळात आलेलं पाणी,
हे माझं, अजून एकोणपन्नास वर्षं.
मग त्यांचं.

मी अठ्ठ्याहत्तरचा.
घर माझ्याहून तरुण,
तरी बँकेच्या लेखी तेच म्हातारं.
‘इतक्या थोड्या वर्षांवर कर्ज मिळत नाही,
विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.’
मिस अडेयेमी हे आवाज खाली आणून सांगते,
रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखी.
नव्वद वर्षं वाढवून मिळतील. बेचाळीस हजार पौंड.
मी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या,
बारीक अक्षर मला जवळून लागतं,
हा आकडा मात्र हात लांब करून वाचला.

आणि भाडं?
एक मिरी.
दरसाल. मागितली तर.
कायद्यात असंच आहे, मी दोनदा विचारलं.
जिन्याच्या रंगापासून छपराच्या गळतीपर्यंत
ज्या जर्सीतल्या कंपनीनं पन्नास वर्षं
आमच्या डोक्यावर मिरे वाटले,
तिला आता वर्षाकाठी एक.
मिस अडेयेमीला यातलं हसू कळलं नाही.
मीही समजावत बसलो नाही.

मग गॅरथ पेनरोज मोजायला आला,
लाल ठिपका भिंतीभिंतीवरून फिरवत,
आणि स्वयंपाकघरापाशी थांबला.
‘हे नकाशात नाही.’

नाहीच.
हातभर रुंद, वीतभर उंच,
बैठकीत उघडणारं एक भोक, त्याला निळी झडप.
त्र्याऐंशी साली मी बर्मिंगहॅमला प्रदर्शनात होतो,
ब्रॉनवेननं तळमजल्यावरून करवत मागून आणली
आणि भिंत कापली.
कंपनीला विचारलं नाही. मलाही नाही.
मी परतलो, कोटही काढला नव्हता,
तर भिंतीतून एक हात, हातात बशी :
‘धर लवकर, गरम आहे.’

कलम चौदा : भिंतींना छेद देऊ नये.
कलम सतरा : सज्जात कपडे वाळत घालू नयेत.
कलम एकोणीस : रात्री अकरानंतर गाणं बाहेर ऐकू जाऊ नये.
ब्रॉनवेन वेल्समधली.
एकोणीस तिनं न्हाणीघरातून, रोज मोडलं.

दोन वाटा आहेत, मिस अडेयेमी म्हणाली.
प्लायवुड ठोका, वरून रंग, दोन तासांचं काम.
किंवा आता, इतक्या वर्षांनी, रीतसर परवानगी :
सहाशे पौंड, वर कर, वर त्यांच्या वकिलाची फी.
‘बुजवणं स्वस्त पडेल, मिस्टर ट्रेडगोल्ड.’

खालची पॉलीन तर सरळच म्हणाली, बावळट आहेस.
मूल ना बाळ, मृत्युपत्रात घर लाइफबोटवाल्यांना,
आणि हा भोकाचे पैसे भरतोय!

भरले.

मंगळवारी कागद आले, जाड, कडक,
शंभर वर्षं टिकायचा असतो तसा कागद.
नकाशात भिंतीची काळी रेघ
एके ठिकाणी बोटभरही नाही एवढी तुटते,
शेजारी बारीक अक्षरात : हॅच, मंजूर.
मुदत एकवीसशे त्रेसष्टपर्यंत.
कुणी कापलं ते लिहिलेलं नाही,
त्याला रकाना नसतो.

रात्री अंडं उकडलं, पाव भाजला.
बशी निळ्या झडपेत ठेवली,
वर मिरपूड, थोडी जास्तच.
मग दारातून वळसा घालून बैठकीत गेलो
आणि पलीकडून घेतली.
गरम होती.