भारी मळे

निळ्या कापडी पाठीची वही.
रकाने मीच आखले: तारीख, परिपत्रक क्रमांक,
कुठलं खातं, कुठल्या धंद्याला लागू,
आणि शेवटचा, सगळ्यात अरुंद,
कोणाला सांगितलं.

उद्यमबागेत चहाच्या टपरीवर माळा, माळ्यावर आमचं ऑफिस.
चौदा फौंड्र्या, खानापूरकडच्या सहा वीटभट्ट्या,
निपाणीची तीन तंबाखूची गोदामं, एक साखर कारखाना
मला महिन्याला पैसे देतात
आभाळाबद्दल सरकार काय म्हणालं ते ध्यानात ठेवायचे.

उन्हाचं कामगार खातं बोलतं, विजेचं आपत्तीवाले,
धुराचं आणि वाऱ्याचं प्रदूषण मंडळ.
पाटबंधारे वर्षभर गप्प,
धरणाचे दरवाजे उघडायच्या आदल्या रात्री
साडेअकराला एक ओळ.
सगळं कन्नडमधून. मी ओठांनी वाचते
आणि हातानं मराठी करते,
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, जाड स्केचपेननं,
हजेरीच्या घड्याळाखाली लावायला.

एप्रिलात मी तापानं पडले होते.
उचगावचा समर्थ, नवाच, कन्नड नुकतं जुळवून वाचणारा,
त्यानं अक्षराला अक्षर उतरवलं
आणि भट्टीवर चिकटवून आला:
दुपारी भारी मळे.
परभणीकडची टोळी. खूश झाली.
कुणाचे मळे? भाजीचे का उसाचे?
बघायला सोडणार का मालक?

चार वाजता कळलं, कन्नडात मळे म्हणजे काय ते.
चाळीस हजार कच्च्या विटा
परत माती झाल्या.
वहीत मात्र सगळं बरोबर होतं.
कळवलं होतं. सही होती.

*

भरमा होनगेकर भट्टीपुढे उभा असतो,
लोखंड ओततो.
मी उन्हाचा कागद लावला:
बारा ते तीन उघड्यावरचं काम बंद.
तो वाचून म्हणाला,
"अक्का, आमचं उघड्यावर न्हाई की.
आमचं छपराखाली."
मी परिपत्रक उलटसुलट केलं.
सूर्याचा ताप लिहिला होता अंशासकट.
भट्टीचा नव्हता.
"बघते," म्हटलं.
अजून बघते आहे.

त्याच्याच मालकाचं दुसरं शेड शिनोळीत,
महाराष्ट्रात, म्हणजे अर्ध्या तासावर.
इकडे नारिंगी इशारा, तिकडे पिवळा,
म्हणून माल उतरवणारी माणसं
दुपारी बाराला टेम्पोत घालून तिकडे नेतात.
टेम्पोला छत नाही.
हे कुठल्या रकान्यात घालू?

*

निपाणीत जैतुनबी तंबाखूचं पान
दोन बोटांत धरते, मुडपते, सोडते.
तुटलं नाही, नुसतं वाकलं,
की म्हणते, "पान मऊ पडलं. आज रात्रीच झाका."
मालक माझ्याकडे बघतो. माझ्याकडे कागद नसतो.
कागद येतो दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला,
तोवर ताडपत्रीवर पाणी साचलेलं.
पहिल्यांदा मला राग आला होता,
तिचा, का कागदाचा, आठवत नाही.

मग मी समासात लिहायला लागले.
शिसपेन्सिलनं, बारीक, पुसता येईल असं:
पान मऊ, सायंकाळी सव्वासहा. जैतुनबी.
भरमाचंही लिहिलं एकदा:
आज तीन वेळा बसला. सावलीतच.

तपासणीला साहेब आले, गोकाकचे,
चष्मा कपाळावर.
रकाने बघितले, शिक्के मोजले,
मग बोट समासावर थांबलं.
"इदेनु?"
काय सांगणार होते मी?
कोणत्या कलमाखाली?
तोंडातून एवढंच निघालं: "मळे, सर."

त्यांनी आधी खिडकीतून बाहेर बघितलं,
वाळत टाकलेल्या साच्यांच्या रेतीकडे,
शिपायाला खुणेनं काहीतरी सांगितलं.
मग सही केली.
खाली दोन पोरं ताडपत्री ओढत पळत होती.